ब्लड बोल : नवख्यांनी पहिला संघ कोणता घ्यावा? (नागपूरची उन्हाळी लीग)

फुटाळाकाठ
नमस्कार मंडळी. धरमपेठ, प्रतापनगर आणि मनीषनगर अशा तीन टोकांचे आम्ही सहा जण मे महिन्यात ब्लड बोलची छोटी लीग सुरू करून राहिलो. दुपारी बाराच्या पुढे घराबाहेर पडायची सोय नसते, तेव्हा कूलरसमोर पट मांडून बसायचं असं ठरलं आहे. सहापैकी दोघांनाच खेळ येतो. बाकी चौघे कॅरम आणि बुद्धिबळातले.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम्स वर्कशॉपचा हा खेळ १९८६ साली आला, रचना जर्व्हिस जॉन्सन यांची. अमेरिकन फुटबॉलच्या धर्तीवर ऑर्क, बुटके, एल्फ, माणसं असे संघ एकमेकांना भिडतात. पट २६ बाय १५ चौकोनांचा, मैदानात प्रत्येकी ११ खेळाडू, दोन हाफ, प्रत्येक हाफमध्ये दोघांनाही आठ-आठ टर्न. चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रांगेत नेला की टचडाउन.

प्रश्न असा की या चौघांनी कोणता संघ घ्यावा? मूर्ती स्वस्त नाहीत, रंगवायलाही वेळ जातो, म्हणून निवड एकदाच करायची आहे. कोणी ऑर्क म्हणते, कोणी बुटके. आमच्यातल्या एका ताईंना एल्फच हवेत. सगळे २०२० च्या नियमपुस्तकावर खेळणार आहोत.

गोंडवन
लीगसाठी शुभेच्छा. नागपुरात हा खेळ वाढावा असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करा. ‘सर्वांत जास्त जिंकणारा संघ’ आणि ‘खेळ शिकवणारा संघ’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नवख्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. त्याची चूक झाली तरी सामना हातातून जाऊ नये, आणि ती चूक कुठली होती हे त्याला दिसावं. माझ्या मते हे दोन्ही माणसांच्या संघात सर्वांत चांगलं जमतं. त्याखालोखाल ऑर्क.

कारण टर्नओव्हरमध्ये आहे. आपल्या टर्नमध्ये आपलाच खेळाडू पडला किंवा चेंडू उचलताना हातातून निसटला की टर्न तिथंच संपतो, उरलेले खेळाडू जागेवर राहतात. म्हणजे प्रत्येक फासा टाकताना ‘हा चुकला तर माझे किती जण हलायचे राहतील?’ हा प्रश्न मनात हवा. खेळाचं निम्मं कौशल्य याच एका सवयीत आहे.

आता ब्लॉकचा, म्हणजे शेजारच्याला धडक द्यायचा, फासा बघा. त्याला सहा बाजू. एकीवर मारणारा स्वतः पडतो, एकीवर दोघेही पडतात, दोनांवर समोरचा फक्त मागे ढकलला जातो, एकीवर तो अडखळतो (अंगात डॉज हे निसटायचं कौशल्य असेल तर वाचतो), आणि एकीवर सरळ आडवा होतो. ब्लॉक हे कौशल्य नसलेल्या खेळाडूने एकाच फाशावर धडक दिली तर सहापैकी दोन बाजू त्याच्या मुळावर येतात, म्हणजे तीनदा मारलं तर सरासरी एकदा टर्न गेला. शेजारी दुसरा खेळाडू उभा करून असिस्ट घेतला, दोन फासे मिळवले, की हीच भीती नवात एकवर येते. आणि मारणाऱ्याकडे ब्लॉक असेल तर ‘दोघेही पडतात’ या बाजूवर तो पडत नाही, म्हणून दोन फाशांवर छत्तीसात एक. नऊ आणि छत्तीस यांतला हा फरक नवख्याच्या डोक्यात बसला की तो निम्मा तयार झाला.

माणसांच्या संघात चार ब्लिट्झर (मारामारीतले गडी) मिळतात, चौघांकडे ब्लॉक असतो. लाइनमनकडे, म्हणजे साध्या खेळाडूंकडे, नसतो. त्यामुळे कोणी आधी मारायचं आणि कोणी फक्त शेजारी उभं राहायचं हा विचार पहिल्या सामन्यापासून करावा लागतो. थ्रोअर आहे म्हणून पास करून बघता येतो, कॅचर आठ चौकोन पळतो म्हणून गतीचा उपयोग कळतो. हवा असेल तर ओगर हा राक्षसही घेता येतो. कुठलंच काम त्यांना अशक्य नाही.

बर्डीवाला
गोंडवन भाऊंचं गणित बरोबर आहे, पण मी बुटक्यांच्याच बाजूने बोलून राहिलो.

नवीन पोट्ट्यायले पहिल्या दोन-तीन सामन्यांत सगळ्यात जास्त काय खटकते? आपले खेळाडू सारखे पडतात आणि आपण नुसतं बघत बसतो. बुटक्यांचा साधा ब्लॉकर खेळातल्या ७० हजार नाण्यांचा, पण त्याच्याकडे सुरुवातीपासूनच ब्लॉक, टॅकल आणि थिक स्कल (टणक डोकं). आर्मर (चिलखत) १०+, दोन फाशांवर दहा आल्याशिवाय फुटत नाही. म्हणजे लाइनवरचा प्रत्येक जण पहिल्या दिवशीच तयार. टॅकलमुळे समोरच्या डॉजवाल्याचा डॉजही चालत नाही. रनरकडे शुअर हँड्स आहे (चेंडू उचलायचा फासा चुकला तर पुन्हा टाकता येते), त्याने चेंडू उचलायचा, चौघांनी चारही कोपऱ्यांवर उभं राहून केज करायचा आणि आस्ते आस्ते पुढं सरकायचं. आठ टर्नमध्ये एक टचडाउन होतेच.

जिंकलं की माणूस पुढच्या रविवारी पुन्हा येतो. लीग टिकायची असेल तर हे सोडून चालणार नाही.

गोंडवन
बर्डीवाला, माणूस पुन्हा आला पाहिजे हे शंभर टक्के मान्य. तरीही बुटके मी पहिला संघ म्हणून देणार नाही.

ब्लॉकर चारच चौकोन चालतो. मैदान २६ चौकोन लांब. समोरच्याचा एखादा वेगवान खेळाडू चेंडू घेऊन एका बाजूने निसटला की बुटक्यांना त्याच्या मागे जाताच येत नाही, त्या वेळी खेळणाऱ्याकडे करण्यासारखं काही उरत नाही. जागेवरची एक चूक पुढचे तीन-चार टर्न भोगावी लागते, आणि ती जागेची होती हे नवख्याला कळतही नाही, कारण मधल्या वेळात त्याचे ब्लॉक तर छान चाललेले असतात. चपळाई ४+ (फाशावर चार किंवा जास्त हवेत), म्हणजे ब्लॉकरला एखाद्याच्या तावडीतून निघायचं तर निम्म्या वेळा पडणार. साहजिकच बुटके खेळणारा डॉज करायला शिकत नाही, पास करायला शिकत नाही. आणि प्रत्येकाकडे ब्लॉक असल्यामुळे कोणी आधी मारायचं याचा क्रमही शिकत नाही. पुढे दुसरा संघ हातात घेतला की सगळं पहिल्यापासून.

आणखी एक, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. सहा जणांच्या लीगमध्ये बाकीच्या पाच जणांचाही विचार हवा. त्या ताई एल्फ घेणार असतील तर त्यांच्या पहिल्याच सामन्यात समोर अकरा टॅकलवाले नकोत.

काटोलकर
मला आश्चर्य वाटलं की अजून कोणी शॅम्बलिंग अनडेडचं, म्हणजे मेलेल्यांच्या संघाचं, नाव घेतलं नाही. माझं मत त्यांना.

झॉम्बी आणि सांगाडे ४० हजाराला एक. मेला तर मेला, नवीन आणा. बहुतेकांना रीजनरेशन आहे, ४+ आलं की जायबंदी झालेला परत राखीव बाकावर. दोन ममी, ताकद ५, त्यांच्यासमोर साध्या लाइनमनला काही सुचत नाही. वाइट्सकडे ब्लॉक. घूल चपळ, डॉजवाले, चेंडू त्यांनीच घ्यायचा. कोणाचं काय काम ते इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या संघात नाही. यांना वैद्य घेता येत नाही एवढं लक्षात ठेवा, आणि घूलला रीजनरेशन नसतं, त्यांना जपा.

मूर्ती रंगवायलाही सोप्या. झॉम्बीवर रंग सांडला तरी शोभतो.

गोंडवन
काटोलकर, हे अगदी योग्य सुचवलंत. ममी तीनच चौकोन चालते, तिला चुकीच्या बाजूला उभं केलं की ती तिथंच अडकते, एवढं सांभाळलं तर नवख्यासाठी हा संघ ऑर्कांच्या बरोबरीचा आहे.

अजनी_जंक्शन
एल्फवाल्या ताईंच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहिते.

मी वुड एल्फच खेळते, सुरुवातही त्यांच्यापासूनच केली. खेळाडू आवडत नसेल तर माणूस त्याच्यासाठी रात्री जागून रंगकाम करत नाही, लीगच्या मध्यावर हरत असताना त्याला धरूनही राहत नाही. एल्फची चपळाई २+ असते. मोकळ्या जागेत डॉज करताना सहापैकी पाच वेळा पार. कोपऱ्यात सापडलेला खेळाडू दोघा-तिघांना चकवून टचडाउन करतो तेव्हा जे वाटतं ते दहा ऑर्क आडवे करूनही वाटत नाही. ते पहिल्याच महिन्यात अनुभवायला मिळालं तर काय वाईट?

गोंडवन
काहीच वाईट नाही. ताईंना एल्फच आवडत असतील तर त्यांनी एल्फच घ्यावेत, अडवू नये. फक्त हिशेब माहीत असावा म्हणून मांडतो.

खेळाडू पडला की समोरचा दोन फासे टाकून आर्मर तपासतो. वुड एल्फचा आर्मर ८+, माणसाचा ९+, ऑर्कचा १०+. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी एल्फचा आर्मर पंधरांवर फुटतो, माणसाचा दहांवर, ऑर्कचा सहांवर. आर्मर फुटल्यावर पुन्हा दोन फासे, १० किंवा जास्त आले की खेळाडू जायबंदी, हे छत्तीसात सहा वेळा. दोन्ही मिळून बघितलं तर पडलेला ऑर्क ३६ मध्ये एकदा जायबंदी होऊन सामन्याबाहेर जातो, माणूस साधारण २२ मध्ये एकदा, एल्फ साधारण १४ मध्ये एकदा. त्यात वुड एल्फचा साधा लाइनमनच ७० हजाराचा आणि वॉरडान्सर सव्वा लाखाचा, त्यामुळे बाकावर कोणी नसतं. दुसऱ्या हाफमध्ये आठ-नऊ जणांनी खेळायची तयारी ठेवावी लागते.

अजनी_जंक्शन, तुम्ही ताईंना मार्गदर्शन कराल का? एल्फ खेळायचे म्हणजे मारामारी टाळायची. टर्नच्या शेवटी आपला एकही माणूस विनाकारण समोरच्याला चिकटून उभा राहता कामा नये. हे सांगणारं कोणी सोबत असेल तर पहिला संघ म्हणून एल्फही चालतील.

अजनी_जंक्शन
नक्की. ताईंना मला निरोप करायला सांगा. पहिले दोन सामने मी शेजारी बसेन.

संत्रानगरी
संघाबद्दल वरची मंडळी जास्त जाणतात. मी रंगकामाबद्दल सांगतो, कारण मे महिना म्हणालात.

प्रायमरचा स्प्रे दुपारी गच्चीवर अजिबात मारू नका. इतक्या उन्हात रंग मूर्तीपर्यंत पोचता पोचताच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पहाटे सहा-साडेसहाला मारा. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत प्रायमर पांढुरका पडतो, म्हणून सगळ्या मूर्तींचं प्रायमर मृग लागायच्या आत उरकून घ्या. कूलरच्या झोतात बसून रंगवू नका, पॅलेटवरचा ॲक्रिलिक रंग मिनिटांत घट्ट होतो. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. असं केलं तर तो तासन्‌तास ओला राहतो.

आणि मूर्ती विकत घ्यायची घाई कशाला? इतवारीत जाड पुठ्ठा घ्या, गोल कापा, वर पद लिहा. दोन-तीन सामने तसेच खेळा. संघ आवडला तर मग खर्च करा. निवड एकदाच करायची म्हणता ना, मग ती खेळून झाल्यावर करा.

बर्डीवाला
हे मात्र लाखातलं बोलले. पुठ्ठ्यावर हे सगळे संघ प्रत्येकाने फिरवून बघावे.

फुटाळाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. पुठ्ठ्याची कल्पना आजच गटात टाकली, सगळ्यांना पटली. माझा स्वतःचा कल माणसांकडे झाला आहे. गोंडवन, खेळातल्या दहा लाख नाण्यांत संघ कसा बसवायचा ते सांगाल का? दुसरा एक मित्र ऑर्कवर अडून बसला आहे, त्याचाही सांगा.

गोंडवन
माणसांचा माझा आवडता संघ असा. चार ब्लिट्झर ३ लाख ४० हजार. एक थ्रोअर ८० हजार. एक कॅचर ६५ हजार. सहा लाइनमन ३ लाख. हे झाले बारा जण, ७ लाख ८५ हजार. तीन रिरोल (फासा पुन्हा टाकायची मुभा) दीड लाख, वैद्य ५० हजार. एकूण ९ लाख ८५ हजार, उरलेले १५ हजार तिजोरीत. ओगर सुरुवातीला मुद्दाम ठेवला नाही. त्याची ताकद ५ आहे खरी, पण बोन हेडमुळे काही करायच्या आधी दर वेळी फासा टाकावा लागतो आणि एक आला की तो नुसता उभा राहतो. नवख्याच्या डोक्यावर आधीच पुष्कळ ओझं असतं. तो पुढे पैसे जमले की घ्या.

रिरोलवर हात आखडता घेऊ नका. लीग सुरू झाल्यावर तोच रिरोल दुप्पट दराने घ्यावा लागतो, खेळाडू मात्र नंतरही त्याच किमतीत मिळतो. पहिल्या दिवशी तीन असलेच पाहिजेत. प्रत्येक हाफला ते नव्याने मिळतात.

ऑर्कांचा संघ बसवणं सोपं आहे. चार ब्लिट्झर ३ लाख २० हजार, चार बिग अन (धिप्पाड ऑर्क) ३ लाख ६० हजार, एक थ्रोअर ६५ हजार, दोन लाइनमन १ लाख. अकरा जण, ८ लाख ४५ हजार. दोन रिरोल १ लाख २० हजार, एकूण ९ लाख ६५ हजार. वैद्य पहिल्या सामन्याच्या कमाईतून. बाकावर कोणी नाही, पण १०+ आर्मर असल्यामुळे तेवढं निभतं. बिग अनची ताकद ४ असली तरी त्यांच्याकडे ब्लॉक नाही, हे मित्राला आधीच सांगून ठेवा. ताकदीच्या जोरावर दोन फासे मिळतात म्हणून नवखे आधी त्यांनाच मारायला लावतात. ब्लिट्झरांनी आधी मारायचं, त्यांनी मोकळी केलेली जागा बिग अननी भरायची.

टर्नचा क्रम दोघांसाठी सारखाच. आधी ज्याला फासा लागत नाही ते सगळं करून घ्या, म्हणजे आडवे पडलेले उठवा आणि मोकळे खेळाडू जागेवर न्या. मग ब्लॉक असलेल्यांचे दोन फाशांचे ब्लॉक. मग त्या टर्नचा एकमेव ब्लिट्झ, म्हणजे चालत जाऊन दिलेली धडक. चेंडू उचलायचा आणि डॉज करायचे ते शेवटी. अपवाद असतात, कधी चेंडू आधी उचलावाच लागतो. थ्रोअरला शुअर हँड्स असल्यामुळे त्याचं उचलणं नऊपैकी आठ वेळा जमतं, म्हणून चेंडू त्याच्याच वाट्याला येईल असा तो मागे मध्यावर उभा करा.

अनुभवाचे सहा गुण जमले की खेळाडूला हवं ते प्राथमिक कौशल्य निवडून घेता येतं. टचडाउनला तीन, समोरच्याला जायबंदी केलं तर दोन, पूर्ण झालेल्या पासला एक, सामन्याच्या मानकऱ्याला चार. पहिल्या लाइनमनला डोळे मिटून ब्लॉक द्या.

काटोलकर
ज्यांना तीन तासांचा सामना जड जाईल त्यांच्यासाठी सेव्हन्सही आहे. मैदानात सात-सात खेळाडू, छोटं मैदान, सहा लाखांचा संघ, हाफमध्ये सहा टर्न. एका दुपारी दोन सामने होतात. पहिला रविवार तसा घालवला तरी नियम अंगवळणी पडतील.

फुटाळाकाठ
ठरलं. पहिला रविवार पुठ्ठ्याच्या सोंगट्यांवर सेव्हन्स, त्यानंतर मी माणसं, मित्र ऑर्क, एक जण अनडेड, ताई एल्फ. जे दोघे आधी खेळलेत त्यांनी सोपे संघ सोडून लिझर्डमेन (सरडेमाणसं) आणि स्केव्हन (उंदीरमाणसं) घ्यायचं कबूल केलं आहे. बर्डीवाला भाऊ, बुटके या वेळी नाहीत, राग नसावा.

शेवटचा प्रश्न. आपण किक करत असू तेव्हा अकरा जण उभे कसे करायचे? तीन जण मधल्या रेषेवर हवेत आणि कडेच्या प्रत्येक पट्ट्यात जास्तीत जास्त दोन, एवढं पुस्तकात वाचलं. बाकी ठिकाणी नवखे कुठेही उभे करतात आणि समोरचा मधून निघून जातो.

बर्डीवाला
राग कायचा भाऊ, पुढच्या लीगमध्ये घ्या. उत्तर मी देतो, हे माझ्या आवडीचं आहे.

मैदान १५ चौकोन रुंद. एक उभा खेळाडू आपल्या दोन्ही बाजूंचा एकेक चौकोन सांभाळतो, म्हणजे स्वतःचा धरून तीन. पाच जणांत पंधराही चौकोन येतात. डावीकडून मोजत दुसरा, पाचवा, आठवा, अकरावा आणि चौदावा चौकोन, अशी एक रांग करा, दोघांच्या मधात दोन चौकोन रिकामे. कबड्डीत साखळी धरून उभे राहतात तसंच, कुठूनही घुसला तरी कोणाच्या तरी हाताखालून जावंच लागते, आणि प्रत्येक वेळी डॉजचा फासा टाकावा लागते.

ही रांग मधल्या रेषेला चिकटून नको, दोन-तीन चौकोन मागे. रेषेवर तीन लाइनमन ठेवा, त्यांना मार बसणारच, तुमचे स्वस्तातले गडी तिथे. रांगेत मधल्या तीन जागांवर ब्लिट्झर, कडेला उरलेला ब्लिट्झर आणि एक लाइनमन. राहिले तिघे. थ्रोअर आणि कॅचर रांगेच्या बरेच मागे, कोणी निसटलाच तर आडवं जायला. शेवटचा लाइनमनही रांगेच्या मागे, समोरच्याचा वेगवान खेळाडू ज्या बाजूने येईल तिकडे जायला. किक करणारा संघ आधी मांडतो, तेव्हा समोरचा कुठे उभा राहील हे पाहून मांडायला मिळत नाही. म्हणून त्याला मधातच ठेवा, दोन्हीकडे पळता येईल असा.

एल्फवाल्या ताईंशी खेळताना मात्र रांग आणखी एक चौकोन मागे न्या. त्या पहिला डॉज पार करतीलच, दुसरा करायला लावायचा.